ओळ सापडली, आकडा कुठाय?

आमच्या धंद्यात दोन कामं आहेत आणि बाहेरच्याला ती एकच वाटतात. लाखभर ओळींच्या फाईलमधून हवी ती ओळ शोधणं हे एक. त्या ओळीतून हवा तेवढाच आकडा, मागचं-पुढचं काही चिकटू न देता, उचलून बाजूला ठेवणं हे दुसरं. पहिल्याला ऑफिसात ‘ग्रेप मार’ म्हणतात. दुसऱ्याला धड नाव नाही; ‘काढून दे’ म्हटलं की समजायचं. माझी उमेदीची सगळी वर्षं या ‘काढून दे’वर गेली. आधी टेलिफोन बिलांच्या फाईली होत्या, मग बँकेच्या पावत्या, आणि आता जुन्या मराठी नियतकालिकांचा मजकूर आहे. म्हणून या कामाच्या हत्याराचा, म्हणजे नमुना देऊन शोधण्याच्या पद्धतीचा, इतिहास मी जरा हक्काने सांगते. पाठ्यपुस्तकात तो गणितात सुरू होतो आणि गणितातच संपतो. ज्यांचं काम अडलं होतं ती माणसं त्यातून गळून जातात, आणि माझ्या मते खरा इतिहास त्यांचाच आहे.

सुरुवात मात्र अडलेल्या कामातून झाली नाही, मेंदूपासून झाली. १९४३ साली वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींचं जाळं तर्कशास्त्राच्या भाषेत मांडून दाखवलं. एक पेशी पेटते किंवा पेटत नाही, तिच्या पुढची तिच्यावर अवलंबून, असं ते जाळं. १९५१च्या उन्हाळ्यात स्टीफन क्लेनी हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले तर्कशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे रँड कॉर्पोरेशनमध्ये होते. त्यांनी प्रश्न घेतला तो असा: अशा जाळ्याला घटनांचे कोणकोणते क्रम ओळखता येतील? उत्तर त्यांनी तीनच क्रियांत बसवलं. हे झाल्यावर ते. हे किंवा ते. आणि हेच कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. या तिसऱ्या क्रियेची खूण म्हणजे तारा, आजही कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर बसलेला. ते टिपण डिसेंबर १९५१चं. छापून सगळ्यांसमोर आलं १९५६मध्ये, शॅनन आणि मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात. फाईल, मजकूर, शोधाशोध यांचा त्यात काही संबंध नव्हता.

आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा हा भाग ‘टीओसी’ नावाच्या पेपरात यायचा. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. ‘टीओसी निघाला का?’ एवढीच त्याच्याबद्दल चर्चा. फळ्यावर वर्तुळं, वर्तुळांतून बाण, बाणांवर शून्य आणि एक. शिकवणारे सर चांगले होते, पण याचा वापर करून उद्या एखाद्या फाईलमधून गिऱ्हाइकाची थकबाकी काढता येईल हे वर्गात कुणी म्हटलं नाही. तारा तोच होता. मला तो नोकरी लागल्यावर, कामाच्या रगाड्यात पुन्हा भेटला.

गणितातला हा तारा संगणकात आणला केन थॉम्पसन यांनी. १९६६ साली ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले आणि आयबीएम ७०९४ या यंत्रावर क्यूईडी नावाचा संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम, त्यांनी नव्याने लिहिला. मूळ क्यूईडी बर्कलेच्या लॅम्पसन आणि डॉइच यांचा. त्यात शोधायचं तर शब्द जसाच्या तसा द्यावा लागे. थॉम्पसननी त्यात नमुना देण्याची सोय घातली. जून १९६८मध्ये त्यांनी ही पद्धत चार पानांत प्रसिद्ध केली. त्यातली मुख्य युक्ती आजही बघण्यासारखी आहे. नमुन्यात ‘हे किंवा ते’ आलं की माणूस आधी ‘हे’ धरून पुढे जातो आणि फसला की मागे येऊन ‘ते’ धरतो. थॉम्पसन मागे येतच नाहीत. जितक्या शक्यता खुल्या आहेत तितक्या सगळ्या ते एकदम घेऊन चालतात, आणि प्रत्येक अक्षरागणिक ज्या बाद होतात त्या गाळतात. मजकुरातलं प्रत्येक अक्षर एकदाच वाचायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे लोक ती विसरले आणि पस्तावले.

मग आलं युनिक्स, आणि त्याच्यासोबत ‘ईडी’ हा छोटा संपादक. ईडीमध्ये हुकूम देता येई: सगळ्या फाईलभर, हा नमुना जिथे असेल, ती ओळ छाप. ‘जी’, तिरकी रेघ, ‘आरई’ (म्हणजे नमुना), तिरकी रेघ, ‘पी’. ग्रेप हे नाव त्या हुकमाच्या आद्याक्षरांतून आलं, एवढं इथे पुरे.

ग्रेप जन्माला कसा आला याच्या दोन कथा आहेत आणि दोन्ही बेल लॅब्जमधल्याच माणसांनी सांगितलेल्या आहेत. ब्रायन कर्निहॅन सांगतात ती ली मॅकमॅहन यांची. मॅकमॅहनना ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेची राज्यघटना लोकांनी मान्य करावी म्हणून १७८७-८८मध्ये लिहिलेले ८५ लेख, सगळे ‘पब्लियस’ या टोपणनावाने. लिहिणारे तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यातले १२ लेख नक्की कुणाचे यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद. १९६४मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या शब्दांची वारंवारता मोजून ते मॅडिसनच्या पदरात टाकले होते. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरत, मॅडिसन जवळजवळ नाहीच, असल्या धाग्यांवरून. मॅकमॅहनना असलंच काम करायचं होतं, पण सगळा मजकूर मिळून एक मेगाबाइटच्या थोडा वर, आणि ज्या पीडीपी-११ यंत्रावर काम चाले तिथे एका प्रोग्रॅमला ६४ किलोबाइटच्या पलीकडे जागा नाही. ईडी फाईल आधी आत घेई आणि मग काम करी. इथे फाईलच आत मावेना.

दुसरी कथा डग मॅकिलरॉय यांची. ते संगणकाला बोलायला शिकवत होते, आणि उच्चारांचे नियम तपासायला त्यांना शब्दकोश चाळायचा होता. त्यांनी थॉम्पसनना म्हटलं की ईडीतला तो शोधणारा भाग सुटा काढून दे. ‘रात्रभर विचार करतो’ असं म्हणून दुसऱ्या दिवशी थॉम्पसननी ग्रेप हातात ठेवला. खरं तर तो त्यांच्याजवळ आधीपासून होता. स्वतःपुरता वापरत होते, त्या रात्री नुसत्या चुका काढल्या. १९७३ साल. दोन्ही कथा खऱ्या असायला काही हरकत दिसत नाही. एकाच मजल्यावर दोघांचं काम एकाच जागी अडलं असेल. मला लक्षात राहतं ते हे की दोघेही प्रोग्रॅममधली चूक शोधत नव्हते. एकाला अठराव्या शतकातले राजकीय लेख वाचायचे होते, दुसऱ्याला शब्दांचे उच्चार. हे हत्यार वाचणाऱ्यांसाठी झालं.

ग्रेप फाईल आत घेत नाही. एक ओळ वाचतो, नमुना लागू पडला तर छापतो, नाहीतर टाकून पुढची. त्यामुळे फाईल कितीही मोठी असली तरी त्याला फरक पडत नाही. पण तो देतो ती सबंध ओळ. आकडा द्यायची जबाबदारी त्याने घेतलेलीच नाही. केवळ जुळलेला तुकडा द्यायची सोय ग्रेपच्या नव्या वंशजांत पुष्कळ उशिरा आली. ओळ सापडली, आता पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा तो खाक्या.

ते पुढचं प्रथम पाहिलं मॅकमॅहननीच. ग्रेप आल्यावर लोक म्हणू लागले, शोधून छापायचं झालं, आता शोधून बदलायचंही एक काढा. मॅकमॅहननी ओळखलं की आज बदलायचं, उद्या खोडायचं, परवा घालायचं, ही रांग संपणार नाही. म्हणून १९७३-७४च्या सुमारास त्यांनी ‘सेड’ लिहिलं. ईडीचे बहुतेक हुकूम, पण फाईल ओळीओळीने वाहती. सेडमध्ये नमुन्याचा एक भाग कंसात धरता येतो आणि बदलाच्या जागी तेवढाच क्रमांकाने परत मांडता येतो. म्हणजे सबंध ओळीचा नमुना लिहायचा, आकड्याभोवती कंस घालायचा, आणि सांगायचं की या ओळीच्या जागी पहिल्या कंसातलं ठेव. ओळ गेली, आकडा राहिला. आमच्या ‘काढून दे’चा हा पहिला धडधडीत वापर. दिसायला मात्र भयंकर. सेडमध्ये कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, त्यामुळे हुकमाकडे पाहिलं की मुंग्यांची वारुळं दिसतात.

१९७७मध्ये त्याच इमारतीत आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी ‘ऑक’ लिहिलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. ऑक प्रत्येक ओळ न सांगता रकान्यांत फोडतो आणि रकान्यांना क्रमांक देतो. मग म्हणायचं: ज्या ओळीत ‘जमा’ असेल तिचा तिसरा रकाना घे, बेरजेत मिळव, शेवटी बेरीज छाप. एवढा प्रोग्रॅम एका ओळीत बसतो. लिहिणाऱ्यांचा अंदाज होता की लोक एक-दोन ओळींचेच प्रोग्रॅम लिहितील. लोकांनी पानंच्या पानं लिहिली. टेलिफोन बिलिंगमध्ये मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी महिनाअखेरचा सगळा ताळमेळ ऑकवर चालवला होता. सी भाषा येत असूनही. ‘सीमध्ये लिहीपर्यंत महिना संपेल,’ असं म्हणायचे.

आता एक ओळ जवळून बघू. खऱ्या फाईली तेव्हा रोमनमध्ये असत, सोयीसाठी मराठीत लिहिते:

०३/०४/९८ | खाते: ४०२१७ | रक्कम: १,२५,००० | शेरा: जमा

रक्कम काढायची आहे. उभी रेघ हा दुभाजक म्हणून ऑकला सांगितलं की तिसरा रकाना मिळतो. छान. पण एखाद्या शाखेतून खातेक्रमांकाचा रकाना गाळून फाईल येते, आणि तिसऱ्या जागी शेरा येऊन बसतो. ऑक तक्रार करत नाही. म्हणून रकान्याच्या क्रमांकावर विसंबायचं नाही, ‘रक्कम:’ या खुणेला धरायचं. नवखा पोरगा लिहितो:

रक्कम: (.*) \|

टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा, कंसातलं आपलं, आणि पुढे उभी रेघ. वरच्या ओळीवर हे बरोबर चालतं. दहा हजार ओळींवरही चालेल. मग कुठेतरी एक कारकून शेऱ्यात लिहितो ‘जमा | पावती दिली’, आणि आपल्या हातात रक्कम म्हणून ‘१,२५,००० | शेरा: जमा’ येतं. कारण तारा हावरट आहे. मिळेल तितकं घेतो आणि अगदी नाइलाज झाला तरच सोडतो. पहिल्या उभ्या रेघेशी थांब असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेवटची जी चालेल तिथे तो थांबतो. त्यावर उपाय असा:

रक्कम: ([^|]*)

उभी रेघ सोडून कोणतंही अक्षर, कितीही वेळा. आता रेघ ओलांडायची सोयच नाही. शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती झटकता येते. अनुभवी माणूस नमुना लिहिताना काय हवं यापेक्षा कुठे थांबायचं याचा विचार आधी करतो.

याच ओळीत दुसराही सापळा आहे, तो आपल्याकडचाच. इंग्रजी पुस्तकांत रकमेचा एक ठरीव नमुना सापडतो: एक ते तीन अंक, मग स्वल्पविराम आणि बरोबर तीन अंक, हा जोड कितीही वेळा. तिकडे हजार आणि दशलक्षाला स्वल्पविराम, त्यामुळे त्यांचं बरोबर आहे. आपल्या सव्वा लाखावर लावून पाहा. आधी ‘१’ घेतला. पुढे स्वल्पविराम आहे, पण त्यानंतर तीन अंक हवेत आणि आहेत दोनच. जोड जमला नाही. ‘कितीही वेळा’मध्ये शून्य वेळाही बसतं, म्हणजे नमुना जुळला, काम झालं. उत्तर: १. सव्वा लाखाचा एक रुपया होतो, चूक झाल्याचा संदेश येत नाही, आणि बेरजेत तो रुपया गुपचूप जाऊन बसतो. पन्नास हजाराची रक्कम मात्र बरोबर निघते, त्यामुळे वरवर तपासणाऱ्याला काही दिसत नाही. लाखाचा स्वल्पविराम ही क्लेनींच्या शून्य वेळांची खरी परीक्षा आहे असं मी नव्या मुलांना सांगते.

ऑकनंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९८७मध्ये, लॅरी वॉल यांचं पर्ल आलं. वॉल भाषाशास्त्र शिकलेले. विखुरलेल्या फाईलींतून अहवाल काढायला ऑक अपुरं पडलं म्हणून त्यांनी स्वतःची भाषा केली, आणि माहितीपत्रकात तिचा जो विस्तार दिला त्यात ‘एक्स्ट्रॅक्शन’ आणि ‘रिपोर्ट’ हे दोन शब्द होते. कंसात धरलेलं आता सरळ चलात येई. नमुना लावा, पुढच्या ओळीत आकडा वापरा. ओळ शोधणं आणि आकडा उचलणं ही दोन कामं इथे एका वाक्यात आली. नव्वदच्या दशकात पर्ल सगळीकडे होतं. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या फाईली एकमेकींशी जुळेनात, तेव्हा त्या पर्लने जुळवल्या; लिंकन स्टाइन यांनी १९९६मध्ये त्यावर लेखच लिहिला. पुढे पायथॉनने कंसाला नाव द्यायची पद्धत आणली. दुसरा कंस, तिसरा कंस असं मोजत बसण्यापेक्षा ‘रक्कम’ नावाचा कंस बरा, यात शंका नाही.

इथेच ती विसरलेली गोष्ट येते. पर्लच्या पोटातलं शोधयंत्र हेन्री स्पेन्सर यांच्या १९८६च्या, टोरोंटो विद्यापीठात लिहिलेल्या आणि सर्वांना मोकळ्या दिलेल्या संग्रहावरून वाढलेलं. ते थॉम्पसनांच्या वाटेने जात नाही. एक शक्यता धरतं आणि फसलं की मागे येतं. सोयी भरपूर देता येतात, पण नमुना वाईट असेल तर मागे येण्याला अंत राहत नाही. १९९७मध्ये केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी पर्लसारखा संग्रह सी भाषेत केला आणि ती रीत जगभर पसरली. २००७च्या जानेवारीत रस कॉक्स यांनी मोजून दाखवलं: २९ अक्षरांच्या एका मजकुरावर पर्लला साठ सेकंदांहून जास्त लागतात, थॉम्पसनांच्या १९६८च्या पद्धतीला २० मायक्रोसेकंद. लोकांनी वाचलं, वाहवा केली आणि आपापल्या कामाला लागले. २० जुलै २०१६ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा काढणारा एक साधा नमुना होता आणि कुणाच्या तरी लिखाणात सलग वीस हजार मोकळ्या जागा होत्या. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची यंत्रं जगभर २७ मिनिटं गुदमरली. नमुन्यात ‘कोणतंही अक्षर कितीही वेळा’ लागोपाठ आलं होतं. टीओसीच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न होता हा.

मराठी मजकुराची कथा निराळी आहे, आणि तिच्यातही थॉम्पसन आहेतच. सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत रॉब पाइक यांच्याबरोबर जेवताना त्यांनी टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ची रचना मांडली. जगातली सगळी अक्षरं बाइटांत कशी लिहायची याची ती रीत. तीत एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या पोटात चुकून सापडत नाहीत, त्यामुळे ज्या जुन्या ग्रेपला देवनागरी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यालाही ‘पुणे’ बिनचूक सापडतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पुणे’मध्ये चिन्हं चार: प, उकार, ण, मात्रा. मूळ ऑकला ‘पुणे’ची लांबी विचारली की तो १२ सांगे. ग्नू प्रकल्पाचं ऑक बरंच आधी शहाणं झालं होतं. मूळ ऑकला यूटीएफ-८ शिकवलं २०२२मध्ये, वयाची ऐंशी गाठलेल्या कर्निहॅननी स्वतः. आता तो ४ सांगतो. पहिलीतलं पोर २ सांगेल आणि ते बरोबर आहे.

शोधायला हे चालतं; काढायला लागलं की अडतं. शब्दातलं कोणतंही अक्षर असा एक तयार नमुना सगळीकडे असतो. पायथॉनबरोबर जे येतं त्या मॉड्यूलमध्ये काना-मात्रा-वेलांटी यांना ‘अक्षर’ धरत नाहीत. ‘मराठी’तून शब्द काढायला सांगा, हातात ‘मर’ आणि ‘ठ’ पडतात. पर्लमध्ये असं होत नाही; पायथॉनसाठीही वेगळं मॉड्यूल मिळतं, पण ते आपणहून बसवावं लागतं. आणि आपला खास ‘दुसऱ्या’मधला आडवा र! तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. ‘शेतकऱ्यांची नावं काढून दे’ म्हटलं आणि निम्मीच आली, तर आधी हे बघावं.

युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या या सामाईक तक्त्याच्या, आधीचं तर बोलायलाच नको. नव्वदच्या दशकात छापखान्यांत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फॉन्टसंच चालत. रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असत. कागदावर मराठी, फाईलमध्ये इंग्रजी चिन्हांचा खिचडा. माझं आताचं काम या फाईली युनिकोडमध्ये आणण्याचं. तक्ता करून चिन्हामागे चिन्ह बदलणं हा सोपा भाग. अवघड ती पहिली वेलांटी. जुन्या संचांत ती दिसते तिथे, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर लागते. म्हणून घाईचा नमुना म्हणतो: वेलांटी आणि तिच्यापुढचं एक व्यंजन यांची अदलाबदल कर. ‘किताब’ला चालतं. ‘पश्चिम’ला लावा. फाईलमधला क्रम: प, वेलांटी, अर्धा श, च, म. वेलांटी एकाच व्यंजनावरून उडी मारून श आणि त्याच्या हलन्ताच्या मध्ये जाऊन पडते, आणि ‘पशि्चम’ तयार होतं. स्थितीचं ‘सि्थती’. मराठी संकेतस्थळांवर हे शब्द तुम्ही पाहिले असतील आणि टाइप करणाऱ्याला नावं ठेवली असतील. टाइप करणाऱ्याने बरोबर केलं होतं. रूपांतराच्या नमुन्यात व्यंजन-हलन्ताच्या जोडीपुढे ‘कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा’ हे लिहायचं राहिलं. १९५१चा तो तारा एका ठिकाणी घातला नाही आणि हजारो पानांतला पश्चिम मोडला. रफाराचं याच्या उलट: तो अक्षरानंतर टाइप होई, आणि सबंध जोडाक्षर ओलांडून त्याला मागे न्यावं लागतं.

तारा कुठे घालायचा हे कळायला त्या फॉन्टचा तक्ता हवा, आणि तक्ता करायला फॉन्ट हवा. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतसुद्धा चिन्हांच्या जागा बदललेल्या असतात. तेव्हा ज्या संपादकांच्या, प्रकाशकांच्या, छापखानेवाल्यांच्या कपाटात त्या काळच्या सीडी पडून आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: नुसती पीडीएफ करून मोकळे होऊ नका. मूळ फाईल ठेवा, शेजारी फॉन्टची फाईल ठेवा, आणि फॉन्टचं नाव व आवृत्ती कागदावर लिहून सीडीला लावा. सीडी बाद होण्याआधी तिची प्रत काढा. बाकीचं आम्ही काढून देऊ.